हिवरे बाजारला ना स्वतःचा झेंडा, ना गीत. मग गावचं ‘सरकार’ चालतं कशावर?

समजा, जमीन तुमची आहे. सातबारा तुमच्या नावावर आहे. खिशात पैसे आहेत आणि बोअरची गाडी गावच्या फाट्यावर येऊन उभी आहे. अशा वेळी कुणी येऊन सांगितलं, की शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, तर तुम्ही काय म्हणाल?

बहुतेक जण एकच म्हणतील. “तू कोण सांगणारा?”

अहिल्यानगर शहरापासून साधारण १७ किलोमीटरवर हिवरे बाजार नावाचं गाव आहे. लोकसंख्या साडेबाराशेच्या आसपास. या गावात शेतीसाठी बोअर घेत नाहीत. ऊस आणि केळी लावत नाहीत. पाऊस कमी झाला तर रब्बीत कुठलं पीक किती घ्यायचं, हे एकटा शेतकरी ठरवत नाही. गावची जमीन बाहेरच्या माणसाला विकत नाहीत. हे सगळं वर्षानुवर्षं सुरू आहे आणि त्यासाठी गावात ना पोलीस चौकी लागली, ना कोर्ट.

मग इथे “तू कोण सांगणारा?” या प्रश्नाचं उत्तर काय? उत्तर आहे, ग्रामसभा.

देश म्हटलं की आपल्याला झेंडा, राष्ट्रगीत आणि राजमुद्रा आठवते. राज्य म्हटलं की मंत्रालय आठवतं. पण सरकारचा सगळ्यात लहान तुकडा म्हणजे गाव. त्या गावचं सरकार नेमकं कोण असतं, त्याची ओळख सांगणारी चिन्हं कोणती आणि त्याचे नियम लोक का पाळतात, हे हिवरे बाजारच्या उदाहरणावरून नीट समजतं.

गावचं सरकार म्हणजे सरपंच की ग्रामपंचायत?

खरं तर दोन्ही नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

१९९२ साली ७३वी घटनादुरुस्ती झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. म्हणून २४ एप्रिलला पंचायत राज दिन असतो. या दुरुस्तीने गावपातळीवर दोन गोष्टींना घटनेत जागा मिळाली. एक ग्रामपंचायत, दुसरी ग्रामसभा.

ग्रामपंचायत म्हणजे निवडून आलेले सदस्य आणि सरपंच. त्यांची मुदत पाच वर्षांची. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस. तिथे निवडून यावं लागत नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली, यादीत नाव आलं, की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. पंचायतीची मुदत संपते, ती बरखास्त होऊ शकते. ग्रामसभा बरखास्त होत नाही.

सोप्या भाषेत सांगायचं तर पंचायत हे गावचं मंत्रिमंडळ आणि ग्रामसभा ही गावची संसद. फरक एवढाच, की या संसदेत खासदार पाठवायचा नसतो, स्वतः जाऊन बसायचं असतं.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींचा कारभार १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार चालतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास त्या होतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब होते. गंमत म्हणजे तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे कित्येक गावांत खरे निर्णय दहा-पंधरा माणसांत होतात आणि बाकीच्या गावाला ते नंतर कळतात.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. पंचायतीत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. थोडक्यात, कागदावर गावचं सरकार बऱ्यापैकी मजबूत आहे. अडचण कागदाबाहेर येते.

हिवरे बाजारची गाडी रुळावर कशी आली?

आज हिवरे बाजार म्हटलं की आदर्श गाव. चार दशकांपूर्वी चित्र उलटं होतं. गाव पर्जन्यछायेत. पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९७२च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटली. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, लोक मजुरीसाठी बाहेर पडले. दारू आणि भांडणं वाढली. या गावात बदली म्हणजे शिक्षा, असं सरकारी कर्मचारी समजायचे.

१९८९-९०च्या सुमारास गावातल्या तरुणांनी ठरवलं, की सरपंच शिकलेला आणि तरुण हवा. एम.कॉम. झालेले पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. पाण्याची कामं पुढे खूप गाजली, पण सुरुवात शाळेपासून झाली. शाळेच्या खोल्यांसाठी लोकांनी श्रमदान केलं आणि ‘आपण मिळून काहीतरी करू शकतो’ हे गावाने पहिल्यांदा अनुभवलं.

नव्वदच्या दशकात राज्याची आदर्श गाव योजना आली. शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने जे काम झालं होतं, त्यावर ती बेतलेली होती. तिच्या अटी पाच होत्या. नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी आणि श्रमदान. पुढे त्यात लोटाबंदी आणि बोअरवेल बंदी आली आणि पंचसूत्रीची सप्तसूत्री झाली.

रोजगार हमी योजनेच्या पैशातून डोंगरावर सलग समतल चर खोदले गेले. पाझर तलाव, बंधारे, झाडं अशी कामं झाली. चराईबंदीमुळे गवत वाढलं. गवत वाढलं म्हणून जनावरं वाढली. गावाची आकडेवारी सांगते, की नव्वदच्या दशकाच्या मध्यात दिवसाला १५० लिटरच्या आसपास असलेलं दूध पुढे ४००० लिटरवर गेलं. १९९५ मध्ये १८० कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली होती. २०१० पर्यंत ती ३ वर आली. बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. पण चर आणि बंधारे महाराष्ट्रात हजारो गावांत झाले. त्यातली कित्येक गावं आज पुन्हा टँकरवर आहेत. मग इथे वेगळं काय झालं? पाणी अडवल्यावर ते वापरायचं कसं, याचे नियम गावाने केले आणि पाळलेही.

पाण्याचा ताळेबंद म्हणजे नेमकं काय?

दुकानदार वर्षाच्या शेवटी जमा-खर्च मांडतो, तसं हिवरे बाजार पाण्याचा मांडतं.

हिशोब डोक्यात बसायला एक उदाहरण घेऊ. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं १० हजार लिटर. गावाचं क्षेत्र आहे साधारण ९७६ हेक्टर. ४०० मिलिमीटर पाऊस झाला तर गावच्या शिवारात पडलेलं पाणी होतं जवळपास ३९० कोटी लिटर. पाऊस १०० मिलिमीटरने कमी झाला, की ९७ कोटी लिटरहून जास्त पाणी कमी.

आकडा मोठा वाटतो. पण यातलं बरंचसं पाणी वाफ होऊन जातं, काही वाहून जातं, काही मातीत मुरतं. हाताशी राहतं ते थोडं. त्यातून आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. मग पुढच्या वर्षासाठी जमिनीत काही शिल्लक ठेवायची. उरलेलं शेतीला.

आता उसाकडे बघा. उसाला लागतं साधारण २००० मिलिमीटरच्या आसपास पाणी. म्हणजे एका हेक्टरला दोन कोटी लिटर. रब्बी ज्वारी त्याच्या चौथ्या हिश्श्यातही येते. ४०० मिलिमीटर पावसाच्या गावात एकाने ऊस लावला, तर तो आजूबाजूच्या विहिरींतलं पाणी ओढतो. ही गोष्ट भाषण देऊन पटवता येत नाही, आकडे मांडून पटवता येते.

म्हणून गावात पाऊस मोजला जातो, विहिरींची पातळी बघितली जाते आणि पावसाळा संपल्यावर हिशोब ग्रामसभेपुढे येतो. पाणी भरपूर असेल तर सगळी पिकं. कमी असेल तर जास्त पाण्याची पिकं बंद. सगळ्यांसमोर मांडलेला हा हिशोब असतो, म्हणून सरपंचाने माझ्यावर खुन्नस काढली, असं म्हणायला जागा राहत नाही.

बोअरवरची बंदीही याच हिशोबातून आलेली आहे. विहीर वरच्या थरातलं पाणी घेते, जे दरवर्षी पावसाने भरतं. खोल बोअर खालच्या थरातलं पाणी काढतो, जे साठायला खूप वर्षं लागलेली असतात. एकाचा बोअर खोल गेला की दुसरा त्याहून खोल जातो आणि स्पर्धा सुरू होते. राज्य सरकारचा भूजल कायदा २००९ सालचा. तो लागू झाला २०१४ मध्ये. अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात बंदी आहे. तरी उन्हाळ्यात रात्रभर बोअरच्या गाड्यांचा आवाज कुठल्या तालुक्यात येत नाही? राज्याच्या कायद्याला जे अवघड जातं, ते एका गावच्या ठरावाने करून दाखवलं.

मग गावाची चिन्हं कोणती?

आता झेंड्याकडे येऊ. गावाला स्वतःचा अधिकृत झेंडा असतो का? नाही. महाराष्ट्राला तरी आहे का? तोही नाही. जम्मू-काश्मीरला स्वतःचा झेंडा होता, तो २०१९ मध्ये कलम ३७०च्या तरतुदींसोबत गेला. कर्नाटकने २०१८ मध्ये पिवळा-पांढरा-लाल झेंडा सुचवला होता, पण त्याला केंद्राची मंजुरी मिळाली नाही.

महाराष्ट्राकडे बाकी चिन्हं भरपूर आहेत. शेकरू हा राज्यप्राणी, हरियाल हा राज्यपक्षी, आंबा हा राज्यवृक्ष, ताम्हण हे राज्यफूल. २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉन म्हणजे राणी पाकोळी हे राज्य फुलपाखरू झालं. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला आणि त्याच वर्षी ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झालं. शासनाची मुद्रा शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेच्या धर्तीवर आहे.

गावात मात्र फडकतो तो तिरंगाच. संविधान सभेने तो २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. तो कसा लावायचा याचे नियम २००२च्या ध्वजसंहितेत आहेत. अशोकस्तंभाची राजमुद्रा तर कुणीही उठून वापरू शकत नाही. त्यासाठी २००५चा कायदा आणि २००७चे नियम आहेत. कोणी वापरायची, त्याची यादी नियमांना जोडलेली आहे. माजी खासदार-आमदारांनाही ती लेटरहेडवर छापता येत नाही.

मग ग्रामपंचायतीचं म्हणून चिन्ह काय? तुम्ही कधी दाखला काढायला गेला असाल तर ते बघितलेलं आहे. गोल रबरी शिक्का. त्यावर गावाचं, तालुक्याचं, जिल्ह्याचं नाव. शेजारी सरपंचाची सही आणि ग्रामसेवकाची सही. २०२४ पासून ग्रामसेवकाचं पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालंय. ग्रामनिधीतून पैसे काढायलाही दोघांच्या सह्या लागतात. म्हणजे एक सही लोकांनी निवडलेल्या माणसाची आणि एक सही सरकारच्या माणसाची. भारतातली गावपातळीवरची सत्ता कशी वाटलेली आहे, हे त्या दोन सह्यांत दिसतं.

दुसरं चिन्ह म्हणजे ग्रामसभेचं इतिवृत्त. कोण सूचक, कोण अनुमोदक, ठराव काय, कोण हजर होतं, हे सगळं त्या वहीत असतं. वहीत नाही, ते सभेत झालंच नाही.

तिसरं चिन्ह जरा वेगळं आहे. आडवी बाटली. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर २५ टक्के महिला मतदार मतदानाची मागणी करू शकतात. मग मतपत्रिकेवर दोन चित्रं येतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त मतदारांनी आडवीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही हे चित्र कळतं. महाराष्ट्रातल्या गावांनी सत्तेचं चिन्ह म्हणून जर कुठलं चित्र खरोखर वापरलं असेल, तर ते हेच.

चौथं चिन्ह म्हणजे नाव. हिवरे बाजारच्या पाटीवर काही वर्षांपूर्वी जिल्हा अहमदनगर होता. ३१ मे २०२३ रोजी चौंडीत अहिल्यादेवी होळकरांच्या जयंतीला अहिल्यानगर नावाची घोषणा झाली आणि २०२४ मध्ये नामांतर अमलात आलं. जिल्ह्याचं नाव ठरवायचा अधिकार जिल्ह्याकडे नसतो, राज्य आणि केंद्राकडे असतो. गावाच्या शिक्क्यावरचा एक शब्द असा वरून बदलतो.

जगात असं कुठे होतं का?

चिन्हं कुणी ठरवायची यावरून जगात बरंच काही घडलंय. सगळ्यात बोलकं उदाहरण फ्रान्सच्या ताब्यातल्या बेटांचं आहे. आपल्याकडे पुद्दुचेरी, कारैकल, माहे आणि यानम १९५४ मध्ये फ्रान्सकडून भारताकडे आले. पण हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंत पसरलेली कित्येक बेटं अजूनही फ्रान्सकडे आहेत.

त्यांचेही प्रकार आहेत. रेयुनियन हे बेट १९४६ पासून फ्रान्सचा एक जिल्हाच मानलं जातं. तिथे चलन युरो, कायदे बहुतांश पॅरिसचे आणि झेंडा फ्रान्सचा. फ्रेंच पॉलिनेशियाला मात्र स्वतःची विधानसभा, स्वतःचा अध्यक्ष आणि १९८४ पासून होडीचं चित्र असलेला स्वतःचा झेंडा आहे. वॉलिस आणि फुटुना या बेटांवर तर फ्रेंच प्रजासत्ताकात राहूनही तीन पारंपरिक राजे आहेत.

पण खरी गोष्ट न्यू कॅलेडोनियाची. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला असलेलं हे बेट फ्रान्सने १८५३ मध्ये घेतलं. तिथल्या मूळ रहिवाशांना कनाक म्हणतात. ऐंशीच्या दशकात तिथे मोठा हिंसाचार झाला. पुढे १९९८ मध्ये नुमेया करार झाला. या करारात ठरलं, की बेटाची ओळख सांगणारी चिन्हं सगळ्यांनी मिळून शोधायची. नाव, झेंडा, गीत, ब्रीदवाक्य आणि नोटांवरची चित्रं.

२०१० मध्ये गीत, ब्रीदवाक्य आणि नोटांवर एकमत झालं. ब्रीदवाक्याचा अर्थ साधारण असा, ‘शब्दाची भूमी, वाटून घेण्याची भूमी’. झेंड्यावर मात्र जमलं नाही. शेवटी फ्रान्सचा तिरंगी झेंडा आणि निळा-लाल-हिरवा कनाक झेंडा शेजारी-शेजारी फडकवायचं ठरलं. एका इमारतीवर दोन झेंडे. अर्ध्या लोकांना एक आपला वाटतो, अर्ध्यांना दुसरा.

पुढे स्वातंत्र्य हवं की नको यावर २०१८, २०२० आणि २०२१ अशी तीनदा मतं घेतली गेली. तिन्ही वेळा कौल फ्रान्ससोबत राहण्याचा आला. तिसऱ्या वेळी स्वातंत्र्यवाद्यांनी बहिष्कार घातला होता. मे २०२४ मध्ये तिथे पुन्हा आग पेटली. कारण झेंडा नव्हता, कारण होतं मतदार यादी. अनेक वर्षांपासून बेटावर राहणाऱ्या, पण बाहेरून आलेल्या लोकांना स्थानिक निवडणुकीत मत द्यायचं की नाही, यावरून दंगली झाल्या आणि दहाहून जास्त लोकांचा जीव गेला.

म्हणजे गीत झालं, ब्रीदवाक्य झालं, दोन झेंडे लागले. पण ‘आपण’ म्हणजे कोण, हा प्रश्न सुटला नाही.

हिवरे बाजार आणि न्यू कॅलेडोनियाची थेट तुलना होऊ शकत नाही. एक गाव आहे आणि एकामागे वसाहतवादाचा इतिहास आहे. पण प्रश्न सारखा आहे. जमीन बाहेरच्याला विकायची नाही, हा हिवरे बाजारचा नियम म्हणजे ‘आपण कोण’ याचंच उत्तर आहे. इथे ते झेंड्यावर न येता पाण्याच्या हिशोबात आलं. या शिवारातलं पाणी ज्यांना पुरवून वापरायचंय, ते आपण.

ग्रामसभा काहीही ठरवू शकते का?

नाही. आणि हे समजून घेणं फार गरजेचं आहे. कारण ‘गावाने ठरवलंय’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी वापरता येतं.

चांगली उदाहरणं आधी बघू. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पती गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद. दोन आठवड्यांत राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच नेवासा तालुक्यात सौंदाळा गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरवला.

आता याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढी गावच्या ग्रामसभेत ठराव झाला, की यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत. गटविकास अधिकाऱ्यांनी तो रद्द ठरवला. कारण धर्मावरून भेदभाव करायला घटनेने मनाई केलेली आहे आणि व्यवसाय करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. गावाच्या बहुमताला तो काढून घेता येत नाही.

म्हणजे ग्रामसभा हे सरकार आहे, पण घटनेच्या आतलं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावची घोषणा प्रसिद्ध आहे, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. लोक दुसरा भाग लक्षात ठेवतात. पहिल्या भागात दिल्ली-मुंबईचं सरकारही आमचंच म्हटलंय, हे विसरतात.

हिवरे बाजारचे सगळे नियमही प्रश्नांच्या पलीकडचे नाहीत. लग्नाआधी एचआयव्ही चाचणी, हा गावचा नियम देशभर गाजला, त्याचं कौतुक झालं. पण २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार अशी चाचणी माणसाला नीट माहिती देऊन, त्याच्या संमतीनेच करता येते. सगळं गाव एका बाजूला असताना एखाद्या मुलीने किंवा मुलाने ‘नको’ म्हटलं, तर ती संमती किती खरी राहते? नसबंदीच्या अटीबद्दलही हेच विचारता येतं. पाणी सगळ्यांचं असतं, शरीर एकट्याचं असतं. पहिल्यावर गावाचा जितका हक्क, तितका दुसऱ्यावर नाही.

सगळं बिनविरोध असणं चांगलं का?

गावात निवडणूक बिनविरोध झाली की बातमी येते. भांडण नाही, खर्च नाही, एकी आहे. हिवरे बाजारमध्ये जवळपास तीस वर्षं असंच चाललं.

जानेवारी २०२१ मध्ये मात्र गावात विरोधी उमेदवार उभे राहिले आणि मतदान झालं. ‘आदर्श गावातही राजकारण शिरलं’ अशी चर्चा सुरू झाली. निकाल लागला तेव्हा पोपटराव पवार यांच्या पॅनलने सातही जागा जिंकल्या होत्या.

या निकालाकडे दोन प्रकारे बघता येतं. एक, गावाची एकी तुटली. दुसरं, तीस वर्षांत पहिल्यांदाच गावाने गुप्त मतदानात सांगितलं, की हा कारभार आम्हाला मान्य आहे. सभेत सगळ्यांसमोर हात वर करणं वेगळं आणि पडद्याआड जाऊन बटण दाबणं वेगळं. हात वर करताना भावकी बघते, शेजारी बघतो. बटण दाबताना कुणी बघत नाही. तिथेही लोकांनी होकार दिला, म्हणजे नियमांमागची संमती नुसती लाजेकाजेची नव्हती.

ज्या गावचे नियम पाळायला पोलीस नाहीत, तिथे ही संमती हाच एकमेव आधार असतो. ती अधूनमधून तपासून घेतलेली बरी असते. निवडणूक ही तपासणी आहे, आणि विरोधात उभे राहिलेल्यांनी गावाला तपासणीची ती संधी दिली, असंही म्हणता येईल.

तुमच्या गावात काय करता येईल?

हिवरे बाजारला राज्यभरातून लोक बघायला येतात, बंधाऱ्यापाशी फोटो काढतात. पण तिथून गावी न्यायची गोष्ट बंधाऱ्यापेक्षा सोपी आहे. चार कामं बसल्या जागी करता येतात.

१. आपलं नाव गावच्या मतदार यादीत आहे की शहराच्या, ते बघा. नाव गावात असेल तर ग्रामसभेत तुमचा हक्क आहे.

२. पुढची ग्रामसभा कधी आहे ते विचारा. पहिलीच सभा गाठा, तहकुबीनंतरची नाही.

३. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला मागा. आपण हजर नसताना आपली सही तर नाही ना, हेही बघा.

४. गावाला किती निधी आला आणि कशावर खर्च झाला, ते केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तपासा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

आणि पुढच्या सभेत एकच प्रश्न विचारा. यंदा आपल्या शिवारात पाऊस किती मिलिमीटर पडला? उत्तर कुणालाच माहीत नसेल, तर गावच्या हिशोबाची सुरुवात तिथूनच करता येईल. पर्जन्यमापकाला फार खर्च येत नाही.